न निवणारी राख

८ डिसेंबर, सोमवार

पोचले एकदाची! भूमहून तांबडवाडीची एसटी म्हणजे डोंगर चढताना कण्हणारी म्हातारीच आहे, पण खिडकीतून काय माळ दिसला! पिवळं वाळलेलं गवत, मधूनच हिरवा हरभरा, आणि जिथं तिथं काळ्या शेळ्या. शेजारच्या बाईनं न विचारता मूठभर बोरं हातावर ठेवली. सोलापूरच्या डेअरीत तीन वर्षं कंत्राटावर काढल्यावर ही पहिली माझी स्वतःची नोकरी. इथल्या खवा संघानं छोटी प्रयोगशाळा काढली आहे, आणि तिची मी एकटीच राणी.

खोली शांताक्कांच्या घरात मिळाली आहे. अक्का एकट्याच राहतात. माझं गाव उमरग्याकडचं आहे म्हटल्यावर त्यांचा चेहराच फुलला. त्यांचं माहेर नळदुर्गाजवळचं. तीस-पस्तीस वर्षांत कुणाशी धड कानडी बोलायला मिळालं नव्हतं म्हणे. "ऊटा आयता?" म्हणून जेवणाचं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ताट वाढलं. येसूर मसाला घातलेली आमटी, ज्वारीची भाकरी, वर कांदा. आईला फोन करून सांगितलं, पोरगी सुखात आहे.

११ डिसेंबर, गुरुवार

कामाला रुळले. सकाळी दूध आलं की फॅट बघायचं, पाणी-युरिया तपासायचा, दुपारी खव्यात आयोडीन टाकून पीठ मिसळलंय का ते बघायचं. भट्ट्या एका ओळीत आहेत. प्रत्येकीवर भली मोठी कढई, आणि लांब दांड्याच्या उलथण्यानं माणसं दूध ढवळत असतात. घामाचा आणि गोड धुराचा वास कपड्यांतून जात नाही. लग्नसराई असल्यामुळं खव्याची गाडी रोज पुण्याला जाते.

संघाचे अध्यक्ष योगीराज स्वतः भट्टी चालवतात. बोलायला गोड आहेत, मला ताई म्हणतात. आज त्यांनी मोठ्या कौतुकानं जळण दाखवलं. पूर्वी वेडी बाभूळ तोडून आणायचे, ती धुमसायची. आता बाहेरून ट्रकच्या ट्रक लाकूड येतं. वाळलेलं, फाडलेलं, काडी लावली की पेटतं. ढिगात फळ्या होत्या, चौकटी होत्या, पाळण्याचा एक दांडा होता. एका दारावर लेकरांची उंची पेननं आखलेली होती आणि प्रत्येक रेघेपुढं कुठल्याशा भाषेत नाव. कुणीतरी जुनं घर मोडलं असणार. मला गंमत वाटली.

१५ डिसेंबर, सोमवार

गंमत नाही ती.

आज ट्रक आला तेव्हा मी ड्रायव्हरला सहज विचारलं. तो म्हणाला, समुद्रकाठची रिकामी गावं आहेत ना, तिथली घरं पाडतायत, तिथलं आहे. कुठली रिकामी गावं, हे मला विचारावं लागलं नाही. उन्हाळ्यात तिथलं अणुवीज केंद्र फुटलं तेव्हा आठ दिवस सगळा देश टीव्हीपुढं बसला होता. मग क्रिकेट सुरू झालं.

आमचे सर वर्गात सांगायचे, असल्या ठिकाणचं लाकूड जाळू नये. लाकूड जळून जातं, पण त्यात मुरलेलं विष जळत नाही, ते राखेत गोळा होतं. मी तसंच्या तसं योगीराजांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, तिथनं इथवर मधी किती मुलूख हाय? नाक्यावर सरकारनं गाडी सोडली, म्हंजी तपासलीच असंल की."

तपासली असेल. असेल! एवढ्या एका शब्दावर सगळं चाललंय.

१९ डिसेंबर, शुक्रवार

भट्ट्यांमागं राखेचा ढीग आहे. कामावरचे लोक सांगतात, बाभळीची राख सकाळपर्यंत गार व्हायची, ही होत नाही. मी हसण्यावारी नेलं, आणि मग दुधाचं तापमान बघायचा थर्मामीटर घेऊन गेले. ढिगाच्या ज्या टोकाला चार दिवसांत नवी राख पडली नाही, तिथं हात घातला तर तापलेल्या अंगाइतकी ऊब. थर्मामीटरही तेच सांगतो. हे कुठल्याच पुस्तकात नाही. किरणोत्सारानं राख अशी गरम राहत नाही, एवढं मला कळतं. मग ही का राहते, ते कळत नाही.

थंडी यंदा जबर आहे. बानूबाई म्हणून एक धनगर बाई आहे, तिच्या शेळ्या आता चरायला जातच नाहीत, ढिगावर बसून असतात. हाकललं की चार पावलं जातात आणि परत येतात. बानूबाईही तिथंच, पाय राखेत खुपसून. उठा म्हणाले तर हसली. "लई बरं वाटतंय बाई. आईच्या कुशीत बसल्यावानी."

आज अक्कांच्या कपाळावर त्याच राखेचे तीन पट्टे दिसले. देव्हाऱ्यातल्या वाटीत भरून ठेवली आहे, महादेवाला कोमट भस्म मिळतंय म्हणून खूश. मी हात जोडले, नको म्हणाले. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी लिंगावर पाय दिला.

२२ डिसेंबर, सोमवार

दिवसभर फोन. तहसील म्हणतं जिल्ह्याला सांगा. जिल्हा म्हणतो हा प्रदूषणवाल्यांचा विषय. प्रदूषणवाले म्हणतात धूर असेल तर आमचा, किरण असतील तर मुंबईचा. मुंबईत बाई गोड आवाजात इंग्रजीत सांगते की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग सनई वाजते. सनई! माझ्या डोक्यात ती अजून वाजतेय. एका साहेबानं विचारलं, मॅडम, तुमच्याकडं मोजमाप आहे का? मोजायला यंत्र पाठवा म्हणूनच तर फोन केलाय, म्हटलं. तर म्हणाला, मोजमाप असल्याशिवाय यंत्र कसं पाठवणार.

शेवटी धाराशिवच्या एका पत्रकाराला सगळं सांगितलं. त्यानं छापलं नाही, पण कुणाच्या तरी कानावर घातलं असावं. संध्याकाळी फोन आला, तीस तारखेला माणूस येईल. आठ दिवस थांबायचं.

२६ डिसेंबर, शुक्रवार

बानूबाईच्या शेळ्या गाभडायला लागल्या, दिवस भरायच्या आत गाभ टाकतायत. अंगावरचे केस हात फिरवला की पुंजक्यानं निघतात. तिच्या पायांची कातडी पोटऱ्यांपर्यंत लाल होऊन सोलली आहे, आणि तिला दुखत नाही. हेच मला सगळ्यात भयानक वाटतं, तिला दुखत नाही. भूमच्या दवाखान्यात चला म्हणून मी हात धरून ओढलं, तर ती शेळीसारखीच पाय रोवून बसली.

राख फक्त ढिगात राहिलेली नाही. लोक घमेल्यानं घरी नेतायत. पोरांच्या बाजेखाली, बाळंतिणीच्या खोलीत. भांडी तर तिनंच घासतात. मी दारोदार सांगत फिरले. कुणी भांडलं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. बसा म्हणाले, चहा दिला. मला त्यापेक्षा शिव्या चालल्या असत्या.

२७ डिसेंबर, शनिवार

आज मी धुण्याची पावडर कढयांत ओतली. सगळ्या कढयांत. उकळी आल्यावर फेस भट्टीवर सांडला, आणि मी ओरडत होते की हा खवा पुण्याला जाणार नाही, कुणाच्या लग्नात जाणार नाही. ढवळणारे नुसते उभे राहिले.

योगीराज आले. पहिल्यांदाच ताई म्हणाले नाहीत. "तू काल आलीस. आमची पाच वर्सं गेली ह्ये उभं करायला. एकदा वाडीचं नाव निघालं तर दूध कोण घेईल, पोरी कोण करील? सांग की!" त्यांचे डोळे भरले होते. ते खोटं बोलत नव्हते.

मला कामावरून काढलं. उद्याच्या एसटीनं जा म्हणाले. आईही फोनवर रडून तेच म्हणाली.

पण तीन दिवसांवर तीस तारीख आहे. यंत्रवाला आला आणि त्याला राख दाखवायला कुणी नसलं तर तो लाकडाचा ढीग बघून जाईल. एवढं दाखवते आणि निघते.

३० डिसेंबर, मंगळवार

तो आला. एकटा, पांढऱ्या गाडीतून, चांगला पॉलिश केलेला बूट घालून. योगीराजांनी हार घातला. तो हसतखेळत होता, चहा घेतला, खव्याची चव घेतली, भाव विचारला. मी त्याला भट्ट्यांमागं नेलं. यंत्र चालू केलं तसा तो बोलायचा थांबला. यंत्र किरकिरत होतं आणि तो आकड्याकडं बघत राहिला. मी वाकून बघायला गेले तर त्यानं ते छातीशी धरलं.

मग विचारलं, मघाशी चहा झाला त्याचं पाणी कुठलं होतं? बस, एवढंच. गाडीपाशी गेला, बूट काढले, मोजे काढले, तिथंच मातीत ठेवले आणि अनवाणी आत बसला. मी काच ठोकली. किती आहे सांगा, काय करायचं सांगा! तो काचेआडून म्हणाला, रिपोर्ट येईल.

योगीराजांनी गावाला सांगितलं, साहेब काही बोलले नाहीत म्हणजे काही नाही. बूट आता कुणाच्या तरी पायात आहेत.

३१ डिसेंबर

बॅग घेऊन थांब्यावर बसले. एसटी आली नाही. कधीमधी चुकते म्हणाले.

१ जानेवारी

आजही नाही. दुधाचा टेम्पो नाही, खव्याची गाडी नाही. शाळेचे गुरुजी बाहेरून येतात, तेही नाहीत. फोनला रेंज गेली, सगळ्यांच्याच. कुणी काही सांगितलेलं नाही. कसलाही कागद नाही, दवंडी नाही. नुसतं जग आमच्याकडं यायचं थांबलं आहे.

२ जानेवारी

चालत फाट्यावर गेले. रस्ता उकरून आडवा चर खणलाय. पलीकडं पोलीस, तोंडं बांधलेली. मी ओरडून सांगितलं की मी इथली नाही. एक जण म्हणाला, मागं व्हा ताई, माणसं येणार हायेत. कधी? येणार हायेत. कोण? मग त्यांनी पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटाचे पुडे चराच्या अलीकडं फेकले. कुत्र्याला टाकतात तसे. मीच तर त्यांना बोलावलं होतं! मीच. आणि त्यांनी यंत्र, डॉक्टर, औषध काही नाही — चर खणला.

परतताना ओकारी झाली.

४ जानेवारी

वीज नाही. जळण संपलं. ढिगाभोवती आता अख्खी वाडी बसते. योगीराजसुद्धा. शेळ्या मेल्या आहेत, त्यांना कुणी हलवत नाही, त्यांच्यामधेच जागा करून बसतात. बानूबाई पडून आहे, राख गळ्यापर्यंत ओढून. मला बघून हात केला. ये.

दार लावून घेतलं.

६ जाने.

केस उशीवर. दात वाजतात, लिहिता येत नाही धड. दोन रजया, तरी पाय ठणकतात —

अक्का दाराशी येऊन बसतात. रागावलेल्या नाहीत. लेकरा, थंडीनं मरशील म्हणतात. मी म्हटलं थंडीनं मेलेलं परवडलं. रडल्या.

७

फाट्याकडून कुणी नाही. हाका मारून घसा — कुणी नाही. रिपोर्ट येईल. रिपोर्ट —

बाहेर सगळे गप्प बसलेत. खोकला नाही, पोरांचं रडणं नाही. एवढी माणसं आणि

८?

अक्कांनी कडी काढली. मला उठवेना. हातात घमेलं, वर पदर झाकलेला, जसं बाळाला — "मगळे" म्हणाल्या. मुली. माझी आई पण अशीच हाक —

नको म्हणाले. दोनदा म्हणाले. त्यांनी बाजेखाली सरकवलं, मग एक ओंजळ घेऊन माझ्या पायांवर, अगदी हळू, पांघरूण नीट करतात तसं. पाय काढून घ्यायचे होते मला. काढणारच होते. पण इतक्या दिवसांनी पाय दुखायचे थांबले आणि मी — मीच त्यांना म्हणाले, अक्का, आणखी थोडी