न बसलेल्या तासांच्या सह्या

३ फेब्रुवारी
नोटीस बोर्डावर दोन याद्या. एक, हजेरी कमी म्हणून परीक्षेचा फॉर्म भरू न देण्याची. त्यात माझं नाव चौथं. शेजारी दुसरी, विभाग तपासायला येणाऱ्या समितीपुढं बोलायला निवडलेल्या गुणी विद्यार्थ्यांची. त्यात पहिलं. दोन्हींखाली विभागप्रमुखांचीच सही! सर वाचून सह्या करतात की नुसत्याच, देव जाणे. दौंडची रेश्मा फक्त पहिल्या यादीत. म्हणाली, "तुझं बरंय बाई, तू दोन्हीकडं हायेस."

४ फेब्रु.
आठचा तास. तळेगाव ढमढेऱ्याहून पहाटेची एसटी, वाघोलीच्या कोंडीत अडकणार, विभागात साडेआठ. रेश्माच्या दौंडच्या गाडीचंही तेच. आठला दाराला आतून कडी. वर्षभर आम्ही बाहेरगावचे सहाजण व्हरांड्यात उभे.
आज तो तास घेणाऱ्या मॅडमना जिन्यात गाठलं. तास नऊला घ्या, एवढंच. इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "मी तासिका तत्त्वावर आहे गं. मला पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, तेच माहीत नाही." राग आला. वाईटही वाटलं.
पुण्यातल्या मुली: "मग होस्टेलला राहायचं ना!" जसं काही होस्टेल रस्त्यावर पडलंय.

६ फेब्रु.
सरांनी बोलावलं. आवाजात साखर. "तू शेतकऱ्याची मुलगी. आपला विभाग ग्रामीण मुलांना किती सांभाळून घेतो, ते समितीला सांग." मग हजेरीपट पुढं सरकवला. माझ्या रिकाम्या रकान्यांत पेन्सिलीची टिंबं. तिथं सह्या केल्या की पहिल्या यादीतून नाव बाद.
"आणि रेश्मा?"
"तिचा इथं काय संबंध?"
"सर, तासाचीच वेळ बदला ना. सगळ्यांचं भागेल."
"विद्यापीठाचं वेळापत्रक तुझ्या एसटीवर चालत नाही."
उद्या सांगते म्हणून आले. का म्हटलं उद्या? घाबरले होते. इथं तरी खोटं कशाला लिहू.

संध्याकाळी घरी. आप्पा, म्हणजे माझे वडील, ऐकून हसले. "आगं, करून टाक. गावच्या सोसायटीच्या सभेला माणूस येत न्हाई, मग आम्ही रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो. कुणी गोठ्यात सही करतं, कुणी चुलीपाशी. सभा झाली म्हंजी झाली."
"म्हणून तर तुमच्या सभेत भांडायला बी कुणी येत न्हाई, आप्पा."
मग म्हणाले, "आन् परीक्षा?"
हे वर्ष बुडालं तर पुढचं मिळेलच, असं घरात कुणीच म्हटलेलं नाही.

७ फेब्रु.
सांगितलं. "सर, ज्या तासाला मी दाराबाहेर होते, त्याला आत होते असं कसं लिहू?"
"बाकीचे लिहितात."
"लिहू देत."
दुसऱ्या यादीतलं माझं नाव दुपारीच खोडलं. पहिल्यातलं जागेवर. या कामात मात्र विभाग भलताच चपळ.

११ फेब्रु.
उद्या समिती. क्लार्क निरोप घेऊन आला, कमी हजेरीवाल्यांनी उद्या येऊ नये. वर्षभर या या म्हणून ओरडले, आता येऊ नका! जाणार. सहाही.

१२ फेब्रु.
आज तास दहाला. दार सताड उघडं. वेळापत्रक हलत नाही म्हणे!
आम्ही वेळेत, पुढच्याच बाकांवर. सर बघून पांढरेफटक. समितीतल्या बाईंनी विचारलं, काही अडचण? मी उठणार, तेवढ्यात शेजारून रेश्माच उठली. एरवी हजेरीलाही पुटपुटणारी. "मॅडम, आज तास धाला हाय म्हणून आम्ही आत हाय. रोज आठला असतो, तवा आम्ही भाहेर असतो."
बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. काय, ते दिसलं नाही.

१७ फेब्रु.
फॉर्मचा शेवटचा दिवस. खिडकीवर क्लार्क: "यादीतल्यांचे घेत नाही. सरांना भेटा." तासाभरापासून सहाजण केबिनबाहेरच्या बाकावर. आप्पांचा फोन येऊन गेला. "काय झालं?" म्हटलं, बसलोय. म्हणाले, "बस मग. उठू नगं."
आत्ता दार उघडलं. सर आम्हाला न्याहाळून म्हणाले, "एकेकानं आत या."
कुणीच उठलं नाही. एकट्याला बोलावून हजेरीपट कसा पुढं सरकतो, ते आता सहाहीजणांना ठाऊक आहे. मीही लिहितेच आहे.