आई कोणाच्या डोळ्यांनी वाचते

रविवार, ९ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. आम्ही दोघी खुशाल. तुझी खुशाली विचारत नाही, ती हल्ली मला आईच्या चेहऱ्यावरून कळते. या वाक्याचा अन्वय पुढे लागेल, घाई करू नकोस.

आधी बातम्या. मायलेकींचं वाचनमंडळ जोरात आहे. काल वाचनालयाच्या माडीवर बैठक झाली. नियम तुला ठाऊक नाहीत असं धरून सांगते. दर जोडीला पुस्तकाची एकच प्रत. आधी आईनं वाचायची, मग लेकीनं, आणि बैठकीपर्यंत घरात त्यावर चकार शब्द काढायचा नाही. बाकीच्या लेकी शाळा-कॉलेजातल्या, केस पिकलेली लेक मी एकटीच. तरी ‘मुलींनो, खुर्च्या उचला’ अशी हाक आली की मलाही उठावं लागतं. एवढी वर्षं पोरांना संस्कृत शिकवल्याचं हे फळ.

आई मात्र मंडळाची शान झाली आहे. पूर्वी तिची मतं दोनच असत, ‘बरं आहे’ आणि ‘ठीक आहे’, आणि त्यांतला भेद मला कधी उमगला नाही. आता ती एकेका पात्राची सालं काढते. मागच्या खेपेला नायकाला ‘हा सद्गृहस्थ’ म्हणाली, तर सगळी माडी हसली. हा शब्द इतका तिरका वापरणारी आपल्या घरात एकच बाई आहे, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मंडळात डोळ्यांच्या एक डॉक्टरीणबाई आपल्या लेकीला घेऊन येतात. गेल्या महिन्यात आईला नवा चष्मा हवा म्हणून मी त्यांच्याकडे नेलं. तपासून झाल्यावर त्यांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, आता लांबवू नका. आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, “अहो, यांना कित्येक महिन्यांत छापील अक्षर दिसलेलं नाही. मग त्या बैठकीत बोलतात कशा?”

मी म्हटलं, तेच तुम्हाला विचारणार होते.

तेव्हापासून मी आईवर पाळत ठेवून आहे. ती खिडकीशी पुस्तक घेऊन बसते, पानंही उलटते. पण इतक्या ठेक्यात उलटते की मला संशय आला. खरा वाचणारा मध्ये अडतो, मागे जातो, बोट घालून छताकडे बघतो. आई चरख्यासारखी चालते. विचारायची सोय नव्हती, कारण घरात पुस्तकावर बोलायचं नाही. नियम मीच मंडळाला सुचवलेला, भोगतेही मीच.

काल कोडं सुटलं. पुस्तक होतं नदीवर होडी चालवणाऱ्या एका बाईचं. आई रंगात येऊन म्हणाली, ती भावाशी भांडताना वल्हंच पाण्यात फेकून देते आणि मग दोघं मधोमध अडकून बसतात, तिथे मला फार हसू आलं. बाकीच्या आयांनी माना डोलावल्या. मी चाट पडले. मी पुस्तक नीट वाचलं होतं, त्यात कोणी काही फेकलं नव्हतं. आता माझेही डोळे गेले की काय?

घरी येऊन पाहिलं, तर शहाण्णवनंतर एकदम एकशे तेरावं पान. वाचनालयाच्या बायंडरनं नवी बांधणी करताना मधला अख्खा फर्माच, सोळा पानांचा गठ्ठा, गाळलाय. मी वाचताना पानांचे आकडे बघितले नव्हते. कथा जरा उडी मारते, एवढंच वाटलं होतं. तर ते भांडण आमच्या प्रतीत नाहीच. म्हणजे आईनं ते दुसऱ्या प्रतीतून ऐकलं.

आमच्या शास्त्रात धूर दिसला की अग्नी सिद्ध. रोज दुपारी आई दार लोटून फोनवर बसते आणि मला सांगते, बँकेचा होता. बँकेशी इतकं हसत कोणी बोलत नाही. आणि त्याच सुमारास तुझ्या नकाशांच्या कचेरीत जेवणाची सुट्टी असते.

तू हे गाव सोडून गेलीस तेव्हापासून तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही, असं मी धरून चालले होते. ‘तिला सांग’ आणि ‘आईला सांग’ यांची टपालपेटी मीच. ती पेटी गेले कित्येक महिने रिकामी आहे, हे मला जाणवलंसुद्धा नाही. रागावले नाहीये. फक्त पहिला फोन कोणी केला, या कुतूहलानं मला जेवण गोड लागत नाही. पण विचारणार नाही.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. आई शस्त्रक्रियेला नाही म्हणते. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मी चिडून बघितलं, रडवेली होऊनही बघितलं. आज सकाळी चहा घेताना शेवटचं विचारलं, की भीती कसली वाटते? तिनं कप बशीत ठेवला. मग म्हणाली, “दिसायला लागलं की लोक म्हणतात, आता तुझं तू वाच.”

भिंगरी, ती डोळ्यांपेक्षा तो फोन सांभाळते आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, आणखी उशीर झाला तर हाताबाहेर जाईल. दिसायला लागल्यावरही वाचून दाखवीन, एवढं तू तिला सांग. माझ्या सांगण्याचा उपयोग नाही, मला यातलं काही ठाऊकच नाही.

शिवाय शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे तिला पुस्तक धरता येणार नाही. जवळ बसून कोणीतरी वाचायला हवं. माझा घसा बसलाय, असं मी तिला आत्तापासूनच सांगून ठेवलंय. आणि वल्ह्याचं भांडण मी अजून वाचलेलं नाही. फोनवर नको, येताना तुझी प्रत घेऊन ये.

तुझी वाट पाहणाऱ्या दोघींपैकी, ते कबूल करणारी एक,
ताई