धरलेला गडी

चेन्नई

ती. आईस शिवतेजचा नमस्कार.

फोनवर तू 'सगळं बरं हाय' म्हणतीस आन् ठेवतीस, म्हणून लिहितोय.

माझी तब्येत झकास हाय. फकस्त कोचनी दोन मॅच बाहेर बसवलंय. बास्केटबॉलमधी समोरच्यांचा कुणी वाटेत आडवा आला, की 'स्विच' वरडायचं. मग मी अडवत असलेला समोरचा गडी आपल्यातल्या शेजारच्यानं धरायचा आन् त्याचा मी. पर मी कुस्तीच्या तालमीतला. एकदा जोड धरली की सोडवत न्हाई. माझ्याच गड्याला चिकटून ऱ्हायलो, दुसरा मोकळा सुटला आन् मॅच गेली. "हाक का मारली न्हाईस?" म्हणून कोच लय तापले.

आण्णा अंथरुणाला खिळलेले; आता आपले आपण कुशीवर वळत्यात का? उसाला पाण्याची पाळी आली की त्यांच्याजवळ कोण बसतं? दादा तिकडं सीमेवर. विजयमालाकाकीला नुसती हाक मारलीस तरी ती येईल गं. पर तू मारायची न्हाईस. मी तुझाच की.

सीझन संपल्याबिगर सुटी न्हाई. हितं बाकावर रिकामा बसलोय, पर तुझ्या जागी येता येत न्हाई.

कंबर जप. आण्णांना सांग, माझं सगळं बरं हाय.

तुझा,
शिवतेज