सॅल्यूट न मारणारा धैर्यशील

दादा,

तुझ्या धैर्यशीलला ऑटिझम आहे, असं काल डॉक्टरांनी सांगितलं. वहिनीचा फोन आला होता. "पलूसमधी कुणाला कळू द्यायचं न्हाई, पोरगं घरातच ठेवा," हा तुझा हुकूमही तिने मला ऐकवला.

हुकूम पलटणीत चालव.

डी.एड. करता करता मी सांगलीत अशाच मुलांच्या केंद्रात बिनपगारी शिकवते, तर तू मला "येड्यांची मास्तरीण" म्हणालास. तिथली नौशीन बोलत नाही; पाण्याचं चित्र आमच्या हातात देऊन पाणी मागते. तू मात्र व्हिडिओ कॉलवर "सॅल्यूट मार की रं!" म्हणून ओरडतोस आणि तुझा मुलगा कान झाकून घेतो.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर तुला वाटेल, परवानगी मागतेय. सोमवारी वहिनी त्याला घेऊन केंद्रात येणार आहे.

तुझी धाकटी,
क्रांती