लांब पल्ल्याचं औषध

१४ जानेवारी
ही रोजनिशी एक तारखेपासून लिहायची होती. एक तारखेला पेन नव्हतं. पेन मिळालं तर वही नव्हती. मावशीची एक वही सापडली, पण तिच्यात लोणच्यांच्या कृती होत्या, त्याच वाचत बसलो. मग खोकला सुरू झाला. याला आळस म्हणत नाहीत, तयारी म्हणतात.

मी झियाद. दर्यावर्दी. म्हणजे होणार. सीमेपलीकडे दाल्मेशियाच्या समुद्रकिनाऱ्यावर कप्तान योसिप पर्यटकांची बोट चालवतात, तिच्यावर माझी जागा पक्की. सध्या तात्पुरता मावशीकडे, या कोळशाच्या दरीत. इथे धुक्याचं आणि धुराचं असं लग्न लागलंय की कोण कुठलं ते ओळखू येत नाही. रेडिओवाले म्हणतात घराबाहेर पडू नका. हस्निया मावशी म्हणते खिडकी उघडू नका. दोघांचं ऐकल्यावर माणसाला उरतो तो फक्त कोळशाचा स्टोव्ह.

मावशी जगात एकाच गोष्टीला भिते. प्रोमाया. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की मधून जो वारा आरपार जातो, तो. तिच्या मते युद्धात गेली त्याहून जास्त माणसं प्रोमायाने गेली. दाराखालच्या फटीत तिने जुनी घोंगडी कोंबलीय.

आई परदेशात, ग्राझला, एका म्हातारीला सांभाळते. तिला कळवून टाकलंय की मी बोटीवर रुजू झालो. खोटं नाही. जरा आधी सांगितलं, इतकंच.

१७ जानेवारी
छातीचा दवाखाना. डॉक्टर अर्नेलाबाईंनी नळीत फुंकायला लावलं. जीव खाऊन फुंकलं. त्या म्हणाल्या, खलाशी ना तुम्ही? एवढ्या वाऱ्यात कागदाची होडीसुद्धा हलायची नाही. दमा आहे म्हणे, लहानपणापासूनचा. मी म्हटलं, प्रोमाया असेल. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

दोन पंप दिले. जांभळा लांब पल्ल्याचा, निळा जवळच्या पल्ल्याचा. जांभळा रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटो न वाटो, आणि वर चूळ भरायची. दम कोंडला की निळा. तो कायम खिशात. पुढेही बरंच काही सांगत होत्या, पण त्यांच्या मागे भिंतीवर फुफ्फुसाचं चित्र होतं, डावी बाजू हुबेहूब किनाऱ्याच्या नकाशासारखी. मी तिच्यात आमचं बंदर शोधत होतो.

बोटीसाठी तंदुरुस्तीचा दाखला मागितला. सात आठवडे औषध नीट घ्या, मग परत फुंका, मग बघू, असं म्हणाल्या.

संकल्प: सकाळ-संध्याकाळ जांभळा. सिगारेट बंद. इटालियन शिकणे.

२ फेब्रुवारी
औषध लागू पडलं! काल कोळशाची बादली घेऊन जिना चढलो, मध्ये थांबलो नाही. शीळसुद्धा घातली. मी बरा झालो, यात शंका नाही.

चूळ भरणं सोडलंय. सुल्यो काकांचा सल्ला. काका शेजारी राहतात, आयुष्यभर खाणीत होते. अर्धी फुफ्फुसं खालीच ठेवून आलोय, असं म्हणतात आणि सिगारेट पेटवतात. त्यांचाही पंप आहे, करड्या रंगाचा. ते म्हणाले, पोरा, भिंतीला रंग देऊन वर पाणी मारतोस होय? कॉफी घे वर, कॉफी.

आईला संदेश: समुद्र शांत, हवा छान. आईचं उत्तर: डेकवर प्रोमाया असेल, गळा झाक.

१० फेब्रुवारी
इटालियन राहिलं. खलाशाच्या गाठी शिकायला घेतल्या. सराव म्हणून खिडकीच्या दोन्ही कड्या दोरीने बांधल्या. गाठ इतकी जमली की आता मलाच सुटत नाही. मावशी खूश. म्हणाली, इतक्या वर्षांत या घरात कोणीतरी कामाची गोष्ट शिकलं.

जिभेवर पांढरे डाग आलेत. मावशी म्हणते साय चोरून खातोस. खातो, पण इतकी नाही.

आज एक मोठा शोध लागला. लांब पल्ल्याचं औषध! सगळं त्या शब्दातच आहे. जवळच्या पल्ल्याची बस गावातल्या गावात फिरते, लांब पल्ल्याची सीमेपलीकडे जाते. आणि मी सध्या कुठे जातो? स्वयंपाकघर ते संडास. एवढ्याशा अंतरासाठी लांब पल्ल्याचं औषध जाळायचं? आजपासून जांभळा बंद. प्रवासासाठी राखून ठेवतो. सुल्यो काकांना सांगितलं. ते म्हणाले, डोकं आहे तुला, शाळेतून उगाच पळालास.

२४ फेब्रुवारी
दोन दिवस घरात कुठेतरी मांजराचं पिल्लू ओरडत होतं. कपाटामागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. मावशीने दूध ठेवलं. शेवटी कळलं की आवाज माझ्या छातीतून येतोय.

निळा ओढतोय. जरा सुटतं, पुन्हा कोंडतं. धुकं खिडकीला चिकटलंय. खिडकी उघडावी तर गाठ. दाराकडे जावं तर मावशी.

संध्याकाळी सुल्यो काकांनी आपला करडा पंप पुढे केला. म्हणाले, शेजारी साखर देतो, शिडी देतो, मग श्वास का देऊ नये? नाही म्हणणं म्हणजे अपमान. दोनदा ओढला, वर माझा निळा, आणि काकांचं मन राखायला पुन्हा एकदा करडा. थोड्याच वेळात छातीत ढोल वाजायला लागला. हात असे थरथरले की कॉफी गालिच्यावर. ही लक्षणं प्रेमात पडल्याची. पण घरात बाईमाणूस म्हणजे मावशी.

८ मार्च
मावशीसाठी बायकांच्या सणाचं फूल आणायला निघालो. कोपऱ्यापर्यंत तीनदा टेकलो. फूलवालीने मलाच बसायला स्टूल दिलं. धुकं फार.

परवा डॉक्टरबाईंकडे परत जायचं होतं. गेलो नाही. पुन्हा त्या नळीत फुंकलं असतं तर दाखला कायमचा बुडाला असता. कप्तान योसिपना फोन केला. ते म्हणाले, दाखला मागाहून बघू, पंधराला निघ, नाहीतर दुसरा पोरगा तयार आहे.

आईने समुद्राचा फोटो मागितला. मावशीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा काढून पाठवला. ग्राझच्या म्हातारीने भिंग लावून पाहिला आणि विचारलं, लाटांच्या खाली फेब्रुवारी असं का छापलंय? मी कळवलं, आमच्या बोटीवर तशी पद्धत आहे. म्हातारीचा विश्वास बसला नाही म्हणे. आईचा बसला.

आता जायलाच हवं. समुद्राची हवा एकदा छातीत गेली की दमा पळेल आणि आईला सांगितलेलं सगळं आपोआप खरं होईल.

१५ मार्च, सकाळ
निघालो! निळा मावशीच्या टेबलावर ठेवला. जवळच्या पल्ल्याचा, त्याचं पुढे काय काम? सुल्यो काकांना होईल. जांभळा खिशात, अर्ध्याहून जास्त भरलेला. मावशीने रिवाजाप्रमाणे माझ्या मागे तांब्याभर पाणी ओतलं, प्रवास पाण्यासारखा वाहता होवो म्हणून. मग प्रोमायाच्या भीतीने दार इतक्या घाईत लावलं की माझ्या कोटाचं टोक आतच अडकलं.

७.५०
बस. हीटर जोरात. शेजारच्या बाईंच्या मांडीवर तळलेल्या मिरच्यांचा डबा. छाती आवळलीय. पण आज माझ्याकडे खरं औषध आहे. जांभळा ओढला.

८.०५
पुन्हा ओढला. फरक नाही. लांब पल्ल्याचं आहे, पोचायला वेळ लागणारच.

८.१५
खिडकी उघडा म्हणालो. मागून चार आज्या एकदम ओरडल्या, प्रोमाया! एकीने मला तिचा स्कार्फ दिला. गळ्याला गुंडाळायला.

पुन्हा. पुन्हा. हवा बाहेर जात नाही, आत येत

१८ मार्च
हॉस्पिटल. नाकात नळी, हातात सुई. बूट काढून घेतलेत.

ड्रायव्हरने अख्खी बस फिरवून इथे आणली, असं सांगतात. माझे ओठ निळे पडले होते. आज्या रडत होत्या. एकीने शेवटी खिडकी फोडायला चप्पल काढली होती. मला काही आठवत नाही. गळ्यात स्कार्फ अजून आहे.

डॉक्टर अर्नेलाबाई आल्या. जांभळ्यावर किती वेळा ओढला ते दाखवणारा आकडा असतो, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी आकडा वाचला आणि विचारलं, दोन महिन्यांत एवढेच? निळा कुठे होता? मी त्यांना बसचा सिद्धांत समजावला. त्या खाटेच्या कडेला बसल्याच. म्हणाल्या, अरे बाबा, पल्ला तासांचा, किलोमीटरचा नव्हे! जांभळा रोज घेतला तर छातीची सूज उतरते, वाट मोकळी राहते. आयत्या वेळी कोंडलेला दम हा सोडवत नाही, वरचेवर ओढलास तर नुसतं काळीज धावतं. आयत्या वेळी निळा. बरं वाटलं म्हणून जांभळा सोडायचा नाही, दुसऱ्याचा पंप ओढायचा नाही, आणि जिभेवर जे आलंय ते साय नाही, चूळ न भरल्याचं आहे.

मग जरा हळू म्हणाल्या, बसला आणखी थोडा उशीर झाला असता ना, तर मला हे कोणाला सांगायची वेळच आली नसती.

‘लांब पल्ला’ हा शब्द त्यांनीच जरा जपून वापरायला हवा होता, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडात त्यांनी दिलेलं औषध होतं.

कप्तानांनी दुसरा पोरगा घेतला. निदान महिनाभर इथून हालचाल नाही, मग पुन्हा मावशीचं घर, पुन्हा ती गाठ. सकाळी सिस्टर दोन्ही बाजूंच्या खिडक्या सताड उघडते, वॉर्डातले सगळे खाणवाले चादरी डोक्यावर घेऊन तिला शिव्या घालतात. मीही घेतो. उठून पळता येत नाही.

आईला संदेश: समुद्र खवळलाय. काही दिवस फोन लागणार नाही. काळजी नको.

१९ मार्च
आईचं उत्तर नाही. म्हणजे विश्वास बसला. संकल्प: जांभळा रोज, चूळ रोज, उन्हाळ्यापर्यंत ठणठणीत, आणि आईला यातलं काही कधीच कळू द्यायचं नाही. मावशीला तशी शपथ घातलीय. मावशी शपथ मोडत नाही. फार तर फोनवर रडते.

सिस्टर येऊन सांगून गेली. खाली एक बाई आल्यात, रात्रभर ग्राझच्या बसमध्ये बसून. डोळे सुजलेत, हातात पिशवी आहे, आणि प्रत्येकाला एकच विचारतायत, खलाशी कुठल्या खाटेवर आहे.