वनवाणी विद्यापीठाची रोवणी

चामोर्शी, २० जून १९५५
वनवाणी विद्यापीठाचं दुसरं वर्ष आज सुरू. विद्यार्थी नऊ. गेल्या वर्षी अकरा होते. म्हणजे गर्दी घटली, दर्जा वाढला. गणिताचे प्राध्यापक घनश्याम तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुन्शी झाले. होऊ देत. संस्कृत, तर्कशास्त्र आणि इतिहास मी शिकवतोच, आता गणितही शिकवीन. काशीला सात वर्षं व्याकरण केलेल्या माणसाला गुणाकार काय अवघड? भागाकार अडलाच तर सौ.ला विचारता येईल.
इमारत तीच. मुखरूभाऊ पाटलांचं धानाचं कोठार. पीक येईपर्यंत रिकामं असतं. उंदीर कायम आहेत.

२४ जून
नागपूरहून पत्र. मान्यता कमिटी पाच ऑगस्टला येणार. अटी दोन. हजेरीपटावर तीस विद्यार्थी हवेत, आणि संस्था स्वतःच्या उत्पन्नावर उभी हवी. नाहीतर 'विद्यापीठ' ही पाटी उतरवावी.
पाटी उतरणार नाही.
सौ. म्हणाली, गोंडपिपरीच्या शाळेत संस्कृतच्या मास्तराची जागा निघाली आहे, अर्ज करून ठेवा. मी म्हटलं, कुलगुरू अर्ज करत नसतो, अर्ज घेत असतो. ती म्हणाली, मग तुमचाच तुम्ही घ्या.

२८ जून, सकाळी साडेसहा
निश्चय : रोज दोन गावं. दर गावी तीन विद्यार्थी. आठवड्यात काम फत्ते.

२८ जून, संध्याकाळी
एकच गाव झालं. माणसं फार भली. चहा तीन घरी. विद्यार्थी शून्य. लटारू नावाचा गृहस्थ म्हणाला, पाठवतो जी पोराले, पन रोवणी (धानाची लावणी) होऊ द्या. मग कापणी होऊ द्या. मग मळणी. मग त्याचं लग्न. मनात हिशेब केला : या भागात माणूस वर्षातून अकरा दिवस शिकायला मोकळा असतो.
अकरा दिवसांची पदवी काढावी काय? विचार करणे.

४ जुलै
नऊपैकी आठ गैरहजर. नववा आजारी. तरी तास घेतला. डोमा (शिपाई, घंटावाला, स्वयंपाकी, वय माझ्याएवढं, आदर बेताचा) दारातून म्हणाला, गुरुजी, पोट्टे तं रोवणीले गेले, तुमी कोनाले शिकवून राह्यले? मी म्हटलं, परंपरेला. तो म्हणाला, तिची हजेरी लावू का जी?

५ जुलै
स्कीम!! विद्यार्थी शेतात जातात, तर विद्यापीठानं कोठारात बसून काय करायचं? रोवणीचं काम विद्यापीठानंच घ्यायचं. विद्यार्थी रोवतील, मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून शिकवीन. मजुरी त्यांची, दहावा हिस्सा विद्यापीठाचा. नाव 'श्रमविद्या'. नागपूरच्या दोन्ही अटी एकदम चीत. मोठमोठ्या विद्यापीठांना हे सुचलं नाही, कारण त्यांना ग्रँट मिळते.

८ जुलै
मुखरूभाऊंनी आपल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, रोवायला दिल्या. त्यांना मजूर मिळत नव्हते. पण म्हणाले, तुमच्या आठ पोट्ट्यांनी पोळ्यापर्यंत नाई होणार गुरुजी, मनकर्णेची टोळी घ्या.
मनकर्णा म्हणजे सव्वीस बायांची पुढारीण. आवाज दोन गावं पुरेल एवढा. तिला प्रवेश, सिलॅबस, पदवी, सगळं अर्धा तास समजावलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, बोजारा देता का? रोवणी संपली की मालकानं टोळीला जेवण घालायचं, तो बोजारा. मी म्हटलं, देऊ. म्हणाली, मंग लिवा आमची नावं.
सव्वीस आणि आठ चौतीस. आजारी धरून पस्तीस!
सौ.ला रजिस्टर दाखवलं. तिनं विचारलं, यांना माहीत आहे का, त्या विद्यापीठात आहेत ते? माहीत असणं ही पुढची पायरी.

१३ जुलै
आणखी सहा शेतकऱ्यांची मागणी आली. विद्यापीठाची टोळी दाट रोवते म्हणतात. असा लौकिक काशीचाही नाही.
धुऱ्यावरून अनुमानावर व्याख्यान दिलं. बाया गाणं म्हणत होत्या. मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला. शेवटी मनकर्णा म्हणाली, मास्तर, गाणं थांबलं का हात थांबते जी, तुमीच थांबा. पुढे म्हणाली, टोळीत ज्याचा हिस्सा त्याचे पाय चिखलात. तुमी काऊन वरतं उभे? तुमचे पाय पितळेचे हायेत का?
हा प्रश्न तर्कशुद्ध होता. उद्यापासून खाली उतरणार. संशोधन म्हणून.

१९ जुलै
कंबर.

२१ जुलै
आज बसून लिहिता येतं. माझी ओळ वाकडी जाते. मनकर्णा मागून येते, माझी रोपं उपटते आणि परत रोवते. डोमा (तोही टोळीत गेला, घंटा आता कोणी वाजवत नाही) म्हणाला, गुरुजीची ओळ पाहून सापही रस्ता इचारंल. टोळी हसली. हसू दिलं. विद्यार्थी शिक्षकाला हसतात, म्हणजे नातं तयार झालं.
गोंडपिपरीच्या अर्जाची मुदत काल संपली. सौ.नं कोरा अर्ज चूल पेटवायला घेतला. हे लक्षण बरं नाही.

३१ जुलै
मास्टर प्लॅन : रोवणीचा शेवटचा दिवस मुद्दाम पाच ऑगस्टला आणला. कमिटी थेट बांधीवर नेणार. समोर चौतीस विद्यार्थी, मागे बोजाऱ्याचा स्वयंपाक. सौ. म्हणाली, शेवटच्या दिवशी बाया कोणाच्या ऐकण्यात नसतात, जवळून जाणाऱ्या मोठ्या माणसाला अडवून बोजाऱ्यात भर घालायला लावतात. मी म्हटलं, बाहेरच्या बायांचं सांगू नकोस, या माझ्या विद्यार्थिनी आहेत.

५ ऑगस्ट
कमिटी आली. तिघं. अध्यक्ष लठ्ठ, धोतर बगळ्यासारखं पांढरं. धुऱ्यावर पोचले आणि सव्वीसच्या सव्वीस बायांनी घेरलं. हात कोपरापर्यंत चिखलाचे. मनकर्णा म्हणाली, बोजाऱ्याचं बोला साहेब, मंग पुढं जा. अध्यक्ष माझ्याकडे पाहू लागले. मी इशाऱ्यानं 'प्रात्यक्षिक' असं सुचवलं. चिखलाचे हात धोतराच्या दिशेनं निघाले तसे ते जिलबी कबूल करून मोकळे झाले.
मग त्यांनी मनकर्णेला विचारलं, बाई, या विद्यापीठात तुम्ही काय शिकता?
ती म्हणाली, शिकून नाई राह्यलो साहेब, शिकवून राह्यलो. या मास्तरले. वीस-बावीस दिस झाले, अजून एक ओळ सरळ नाई गेली. पन माणूस चिवट हाये, रोज येते.
तिघांनी हे लिहून घेतलं. मी स्वतः पाहिलं.
जिलबी उत्तम होती. एकंदरीत छाप चांगली पडली असावी.

२९ ऑगस्ट
पत्र आलं. विद्यापीठाला मान्यता नाही. पाटी उतरवावी.
मात्र 'स्वतःच्या कामावर उत्तम चालणारी टोळी' पाहून कमिटी प्रभावित झाली आहे, म्हणून कागद सहकार खात्याकडे पाठवला आहे.
म्हणजे स्कीम बरोबर होती! नागपूरला फक्त तिचं नाव कळलं नाही. मी माघार घेणार नाही. डोमानं विचारलं, पाटी काढू का जी? म्हटलं, हात लावशील तर खबरदार. त्यानं हात लावला नाही. मनकर्णेनं काढली.

११ ऑक्टोबर
शेतमजूर बायांची सहकारी सोसायटी रजिस्टर झाली. अध्यक्ष मनकर्णा. ऑफिस कोठाराच्या पडवीत. कापणीची कामं आत्ताच सात गावांतून आली आहेत. लिहिणारा माणूस कोणी नाही, म्हणून तिनं मला सेक्रेटरी व्हा म्हटलं. तात्पुरतं स्वीकारलं. सौ. म्हणाली, अर्ज करावा लागला नाही ना? झालं तर.

१७ ऑक्टोबर
आनंद! मनकर्णेनं मागणी केली, मले सही शिकवा, अंगठा लावाची लाज वाटते. विद्यापीठाची पहिली खरी विद्यार्थिनी! लगेच तीन वर्षांचा कोर्स आखला. पहिली टर्म : वर्णांची उच्चारस्थानं. आज कंठ आणि तालू घेतले. ती म्हणाली, मास्तर, नाव हातानं लिवाचं हाये, गळ्यानं नाई. चार अक्षरं दाखवा. दाखवली. बैल सोडायच्या वेळेपर्यंत शिकली.

२३ ऑक्टोबर
सोसायटीची पहिली सभा. मी 'श्रम आणि शास्त्र' यावर पाऊण तास बोललो. सहकाराचा उगम सिद्ध करण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात मनकर्णेनं ठराव मांडला : सेक्रेटरीनं सभेत लिवाचं, बोलाचं नाई. सव्वीस हात वर. सत्ताविसावा डोमाचा, तो सभासदही नाही.
ठरावाखाली तिनं आयुष्यातली पहिली सही केली. चारही अक्षरं सरळ ओळीत.
मला हरकत नोंदवायची होती. पण ठराव तत्काळ लागू झाला होता. इतिवृत्तात लिहिलं, 'सेक्रेटरी गप्प होते.'