मोटर उत्तम, हवा खराब

२ जानेवारी १९७४, बुधवार

नवीन वर्षाचा संकल्प काल राहून गेला. म्हणून आज.

धंतोलीतले एक रिटायर्ड ओव्हरसियर गाव सोडून चालले आहेत. नावेच्या मागे लावायची त्यांची जुनी मोटर त्यांनी मला देऊन टाकली. एकच अट घातली, परत आणायची नाही. विश्वास म्हणतात तो हा.

योजना: रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर मोटरबोट. सध्या तिथे नत्थूजी नावाचा नावाडी लोकांना वल्ही मारून फिरवतो. पाऊण तास लागतो. मी दहा मिनिटांत फिरवून आणीन. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष बाबनराव यांना पत्र टाकलं. सुमतीला अजून सांगितलं नाही. बायकांना तयार वस्तू दाखवावी.

३ जानेवारी, सकाळी ६

मागच्या अंगणात पिंप भरलं, त्याच्या काठावर मोटर बसवली. दोरी चाकाला गुंडाळून ओढली. चाळीस वेळा. चालू नाही. थंडी फार.

सुमतीने दारातून पाहिलं आणि विचारलं, हे काय करून राहिले? मी म्हटलं, व्यायाम.

वरच्या मजल्यावरून घरमालकीण यमुताई खोकल्या. तो खोकला खरा नव्हता.

६ जानेवारी, रविवार, दुपारी १

चालू झाली! तिसऱ्या झटक्याला! अर्धं पिंप उडून यमुताईंनी उन्हात घातलेल्या रजयांवर गेलं, पण चालू झाली.

निष्कर्ष: मोटरमध्ये दोष नाही. नागपूरच्या सकाळच्या हवेत आहे. दुपारी चालते, संध्याकाळीही चालेल. फक्त गार पडली की रुसते. तर ती गार पडू द्यायची नाही, इतकंच.

९ जानेवारी

सोबत आलेलं इंग्रजी पुस्तक वाचलं. थंडीत चालू कशी करायची, ते पान नेमकं उंदरांनी खाल्लं आहे. बाकी सर्व पाठ केलं.

सीताबर्डीच्या वसंत या स्कूटर मेकॅनिकला घरी आणलं. त्याने बाजूची एक खिट्टी दाखवली आणि म्हणाला, गार असताना हा चोक बंद करा, हवा कमी लागते. मी त्याला शांतपणे समजावलं की चोक म्हणजे गळा दाबणे. आधीच थंडीने गारठलेल्या यंत्राचा गळा दाबायचा? चोक उघडा राहील. तत्त्व म्हणून. वसंत चहा न घेताच गेला. स्कूटरवाल्यांची दृष्टी मर्यादित असते.

१३ जानेवारी, रविवार

मोटर पोत्यात घालून एसटीने रामटेक. कंडक्टरने तिचं अर्धं तिकीट फाडलं. पुढे टांग्याने तलाव.

नत्थूजी भेटला. पन्नाशीचा, काटक, अबोल. त्याच्याच नावेला मोटर लावली. भर दुपार होती. दुसऱ्या झटक्याला चालू! तलावाला फेरी मारली. काठावरच्या बाया धुणं सोडून पाहत होत्या. माझ्या आयुष्यात असा वारा कधी लागला नव्हता. ऑफिसात खिडकीसुद्धा माझ्या पाठीमागे आहे.

नत्थूजीला म्हटलं, काळजी करू नका, तुम्हाला मी कंडक्टर करणार. गळ्यात शिटी. त्याने नावेतली वल्ही हातात घेतली. मग विचारलं, "अन् मी वल्ही काय करू, साहेब?" मी म्हटलं, चुलीत घाला. आनंदाने त्याने ती आणखी घट्ट धरली.

बाबनरावांना भेटलो. सव्वीस जानेवारीला सकाळी आठ वाजता फेरी दाखवा, म्हणाले. नऊला त्यांचं झेंडावंदन आहे, नंतर वेळ नाही. फेरी पसंत पडली तर वर्षभराचा ठेका. दुपारी ठेवता येईल का, असं विचारणार होतो. पण त्यात कमीपणा वाटला.

१६ जानेवारी

ऑफिसात राजीनामा दिला. बावीस वर्षं जमिनीचे नकाशे ट्रेस केले, पुरे. हेडक्लार्क दत्तोपंतांनी चष्मा वर करून कागद वाचला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, बरं.

घरी सांगितलं.  सुमती पोळ्या लाटत राहिली. आज पोळ्या फार पातळ झाल्या होत्या, पलीकडचं दिसत होतं.

२० जानेवारी, पहाटे ५:३०

झोप येत नाही. अंगणात आठ फेऱ्या मारल्या. मोटरला गरम पाण्याच्या फडक्याने शेक दिला, वरून माझं स्वेटर घातलं. पन्नास झटके. उजवा खांदा कानापर्यंत आला आहे.

सुमतीने आंघोळीचं पाणी विचारलं. म्हटलं, मोटरला वापरलं. ती म्हणाली, "अहो, मी रोज सकाळी स्टोव्ह पेटवते तर आधी काहून थांबते, कधी पाहिलं का? गाराला थोडं वेगळं करावं लागते. त्या वसंतचं एकदा ऐकून तर पाहा."

स्टोव्ह आणि मोटर यांतला फरक तिला समजावला. पंधरा मिनिटं लागली. तोवर शेक निवला.

२५ जानेवारी, शुक्रवार

रामटेकला धर्मशाळेत मुक्काम. मोटर पांघरुणात, मी बाहेर. उद्यासाठी एक निर्णय घेतला: वल्ही काठावर ठेवायची. मोटरबोटीत वल्ही असली की पाहणाऱ्याच्या मनात संशय येतो.

२६ जानेवारी, शनिवार

घडलं तसं लिहून ठेवतो.

पावणेआठ. तलावावर धुकं. बाबनराव कडक इस्त्रीचे कपडे, पांढरी टोपी. सोबत दोन सभासद. तिघांना नावेत बसवलं. नत्थूजी वल्ही ठेवून घ्या म्हणाला. मी नको म्हटलं. त्याने नाव ढकलून दिली.

झटके मारले. दहा. वीस. बाबनराव म्हणाले, घाई नाही. पस्तिसाव्याला दोरी तुटली, माझं कोपर मागे गेलं आणि बाबनरावांची टोपी पाण्यात. तोवर वाऱ्याने नाव मधोमध आली होती. वल्ही काठावर. साडेआठ. एका सभासदाने हाताने पाणी मारून पाहिलं. बाबनराव उघड्या डोक्याने म्हणाले, "केशवराव, तिकडे शाळेची पोरं झेंड्याखाली उभी आहेत गा."

मला खाली कुठे पाहावं कळेना. चहूकडे पाणीच होतं.

धुक्यातून नत्थूजी आला, लहान डोंग्यातून. डोंगा आमच्या नावेला बांधून वर चढला. मला वाटलं, ओढून नेईल. तो मोटरजवळ बसला. एका बोटाने ती चोकची खिट्टी बंद केली, कमरेचा करदोरा सोडून चाकाला गुंडाळला आणि ओढला. एकदाच.

चालू झाली. मग त्याने खिट्टी हळूहळू उघडली, जशी झोपलेल्या लेकराची मूठ उघडावी. नऊला पाच कमी असताना काठावर होतो.

बाबनराव पळत गेले. मी विचारलं, "नत्थूजी, तुम्हाला हे कसं माहीत?"

"सोसायटीच्या पाण्याच्या पंपाले भी असंच लागते, साहेब. सात वर्सं मीच चालवून राहिलो."

"मग त्या दिवशी सांगितलं काहून नाही?"

तो डोंगा बांधत होता. वर न पाहता म्हणाला, "तुमी मले वल्ही चुलीत घालाले सांगितली. घरी सहा माणसं जेवतात त्याच्यावर. मी कायले सांगू?"

मी काठावरची वल्ही उचलून त्याच्या नावेत ठेवली. 

२७ जानेवारी, रविवार

ठेका नत्थूजीला. नाव त्याची, हातही त्याचे. मोटर तिथेच ठेवून आलो. त्याने नको म्हटलं, म्हणाला लोकांले सावकाश फिरायलेच आवडते. बाबनरावांनी ठेवून घेतली. धानाला पाणी द्यायला जमते का पाहतो, म्हणाले.

सुमतीने खांद्याला तेल चोळलं. मी म्हटलं, तू स्टोव्हचं म्हणालीस त्यात थोडं तथ्य होतं. ती म्हणाली, हात खाली करा.

२८ जानेवारी, सोमवार

सव्वादहाला ऑफिस. राजीनामा मागे घ्यायचं भाषण वाटेत तयार केलं होतं. दत्तोपंतांनी भाषण होऊ दिलं नाही. ड्रॉवर उघडला, कागद पुढे सरकवला. वर पाठवलाच नव्हता. शुद्धलेखनाच्या चार चुका मात्र लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या होत्या.

जेवणाच्या सुट्टीत राजीनाम्याची फेअर कॉपी करून ठेवली.